पॉइंट टू-टूची बॅरल किती वेळा आणि कशी साफ करावी: एका क्लब-रायफलचं प्रकरण

रायफल आणि तक्रार

५० मीटर प्रकारातली एक क्लब-रायफल. बोल्ट अ‍ॅक्शन, एका वेळी एकच काडतूस घेणारी, ०.२२ लाँग रायफल (बोलण्यात ‘पॉइंट टू-टू’) काडतुसाची. बॅरल, म्हणजे नळी, ६९ सेंमी, तिच्यापुढे ब्लूप ट्यूब (फोरसाईट पुढे नेणारी पोकळ जोडनळी) आणि ट्यूबवर फोरसाईट, म्हणजे नेमाची पुढची खूण. तीन-चार ज्युनिअर नेमबाज ती आळीपाळीनं वापरतात. मेपर्यंत टेबलावर टेकवून मारलेले दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचे छिद्रांचे पुंजके, २० मिमीच्या आसपास होते. ऑगस्टमध्ये तेच ग्रुप २६ ते ३१ मिमीवर गेले आणि ते उभे, लांबट दिसू लागले. शिवाय बोल्ट बंद करताना अगदी शेवटी हाताला जोर लागू लागला. मुलं म्हणतात रायफल बिघडली, प्रशिक्षक म्हणतात मुलांचा श्वास आणि ट्रिगर बिघडला.

हे प्रकरण कुठल्या एका क्लबचं नाही. पावसाळ्यात आपल्याकडच्या छोट्या रेंजांवर जे वारंवार दिसतं ते एका रायफलभोवती गोळा केलं आहे, आणि ग्रुपची मापं नमुन्यादाखल दिली आहेत. ती सगळी एकमेकांपासून सर्वांत लांबच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतची आहेत.

२० आणि ३० मिमीतला फरक किती गंभीर आहे हे टार्गेटवरून कळतं. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाच्या रिंगचा व्यास १०.४ मिमी आणि गोळीचा ५.६ मिमी. रिंगला गोळीची कड लागली तरी दहा मिळतात, म्हणजे गोळीचं केंद्र मध्यापासून ८ मिमीच्या आत असलं की दहा. याचा अर्थ ग्रुप २१.६ मिमीच्या आत असेल आणि तो बरोबर मध्यावर असेल, तरच सगळे दहा शक्य. ग्रुप २८ मिमी असेल तर निर्दोष नेमबाजीलाही नऊ येणारच. दशांशाचा हिशेब आणखी कडक आहे: ०.८ मिमी सरकलं की ०.१ गुण गेला. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर बसून, आडवं पडून आणि उभं राहून मारायच्या प्रकाराचं) कांस्यपदक घेतलं तो ४५१.४ हा आकडा असल्याच दशांशांतून उभा राहिलेला आहे. एवढी मेहनत करणाऱ्या मुलाच्या हातात स्वतःच ३० मिमीचा ग्रुप देणारी रायफल ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

क्लब आधीपासून काय करत होता

रायफल अस्वच्छ ठेवली जात होती असं मुळीच नाही. दर रविवारी सराव संपला की पुल-थ्रूची दोरी चेंबरमधून (काडतूस बसतं ती नळीची मागची जागा) घालून मझलमधून (नळीचं पुढचं तोंड) ओढली जायची, तिला तेलात बुडवलेली चिंदी बांधलेली असायची. दोन-तीनदा ओढलं, चिंदी काळी आली, मग पुन्हा तेलाची चिंदी, आणि रायफल फोमच्या पेटीत बंद. ही सवय एनसीसीतून आलेली आहे. तिथं रायफल शेकडो कॅडेटांच्या हातून जाते आणि मैदानात, रॉडशिवाय, पाच मिनिटांत ती गंजापासून वाचवणं एवढंच काम असतं. त्यासाठी पुल-थ्रू योग्यच आहे.

‘ज्या दिवशी फायर केलं त्याच दिवशी साफ’ हा जुना दंडकही निराधार नव्हता. जुन्या प्रायमरमध्ये, म्हणजे बारुद पेटवणाऱ्या मिश्रणात, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून मागे राहणारं पोटॅशियम क्लोराईड हवेतली आर्द्रता ओढून घ्यायचं आणि रात्रीत नळी गंजायची. १९२० च्या दशकापासून न गंजवणारे प्रायमर बाजारात येऊ लागले. आजच्या मॅच (स्पर्धेच्या दर्जाच्या) काडतुसाचा धूर आणि अवशेष स्वतःहून लोखंड खात नाहीत. गंज येतो तो हवेतल्या दमटपणामुळे. म्हणून ‘किती वेळा’ या प्रश्नाचं उत्तर शोधताना आधी हे ठरवायला हवं की आपण नक्की काय काढतो आहोत. या रायफलमध्ये काढायच्या गोष्टी चार होत्या, त्या नळीत चार वेगवेगळ्या ठिकाणी होत्या आणि पुल-थ्रू त्यांतल्या जेमतेम एकीला पुरत होती.

बॅरलला हात लावण्यापूर्वी

ग्रुप बिघडला की लगेच ब्रश हातात घेऊ नये. आधी स्वस्त आणि निरुपद्रवी तपासण्या: अ‍ॅक्शनचे (बोल्ट ज्यात चालतो त्या भागाचे) दोन्ही स्क्रू टॉर्क रेंचनं बघणं (बहुतेक मॅच रायफलींना ५ न्यूटन-मीटरच्या आसपास लागतो, पण उत्पादकानं दिलेला आकडाच खरा), दोन्ही साईटचे क्लॅम्प, ब्लूप ट्यूबचा स्क्रू. मग काडतुसांचा लॉट, म्हणजे एकाच वेळी बनलेली खेप. इथं एक गोष्ट सापडली. जूनपासून दोन वेगळ्या कंपन्यांची काडतुसं उपलब्ध होतील तशी मिसळून वापरली जात होती.

पॉइंट टू-टूमध्ये हे मोठ्या रायफलीपेक्षा जास्त त्रास देतं. इथल्या गोळीवर तांब्याचं आवरण नसतं. ती मऊ शिशाची, ४० ग्रेन म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची असते आणि तिच्यावर बाहेरून मेण किंवा चरबीचं वंगण लावलेलं असतं. प्रत्येक गोळी या वंगणाचा अत्यंत पातळ थर नळीभर पसरवत जाते आणि पुढची गोळी त्याच थरावरून घसरते. कंपनी बदलली की वंगण बदलतं, आणि जुना थर जाऊन नवा बसेपर्यंत १० ते ३० गोळ्या ग्रुप भटकतो. त्यामुळे तपासणी संपेपर्यंत एकच लॉट वापरायचा असं ठरलं.

मग चार डब्यांचा बेत. काडतुसं महाग आणि मोजकी असतात, म्हणून प्रत्येक टप्प्याला ५० चा एकच डबा: पहिल्या १० गोळ्या नळी बसण्यासाठी, उरलेल्या ४० मध्ये दहाचे चार ग्रुप. एकच नेमबाज, टेबल आणि पिशव्यांचा आधार, सकाळची शांत वेळ. साफ करण्याआधीच्या डब्यानं २८, २६, ३१ आणि २९ मिमी दिले. आता तुलनेला पाया मिळाला. हा पहिला डबा वाचवायचा मोह सगळ्यांना होतो, पण तो वाचवला तर नंतर साफसफाईनं काय साधलं ते कधीच कळत नाही.

बोअरस्कोपमध्ये काय दिसलं

मोबाईलला जोडता येणारा साधा बोअरस्कोप (नळीच्या आत पाहायचा बारीक कॅमेरा) आता क्लबच्या आवाक्यात आहे आणि हजार तर्कांपेक्षा तो बरा. चेंबरकडून मझलकडे जाताना दृश्य असं होतं.

काडतुसाची पितळी केस १५.६ मिमी लांब असते. ती संपते तिथून पुढच्या दोन-अडीच सेंटीमीटरमध्ये काळं, चकचकीत, दगडी कडं बसलेलं होतं, खालच्या अर्ध्या भागात जास्त जाड. रायफलिंगच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पिळदार खाचांच्या) उंचवट्यांची सुरुवात त्याच्याखाली झाकली गेली होती. प्रायमर आणि बारुदाचे अवशेष इथंच सर्वांत गरम अवस्थेत आदळतात. असल्या रिमफायर (कडेवर ठोकून पेटणाऱ्या) काडतुसाच्या प्रायमरमध्ये घर्षणासाठी काचेची पूडही अनेकदा असते. फायरनंतर हा गाळ नळीच्या तळाशी बसतो, पुढची गोळी त्याच्यावरून दाबत जाते आणि थरावर थर चढून करपलेल्या दुधासारखा तो धातूला धरतो. पुल-थ्रूची मऊ चिंदी तेल घेऊन या कड्यावरून क्षणात निघून जाते. चिंदी काळी येते, मन समाधानी होतं, कडं जागच्या जागी राहतं.

बोल्ट जड का झाला याचं उत्तरही इथंच होतं. मॅच चेंबरमध्ये काडतूस पूर्ण बसताना गोळीचं नाक रायफलिंगमध्ये किंचित रुततं. तिथं कडं आलं की गोळी रायफलिंगऐवजी काजळीत दाबली जाते. प्रत्येक गोळीला सुटताना वेगळा अडथळा भेटतो आणि वेग खालीवर होतो. मॅच काडतुसाचा वेग सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर असतो. हवेचा विरोध सोडून दिला तरी ५० मीटरवर ३२० मीटर वेगाची गोळी जवळपास १२० मिमी पडते आणि ३३० ची ११३ मिमी. म्हणजे १० मीटरच्या फरकाला ७ मिमी उभी फारकत. उभट ग्रुपचं कारण मुलांच्या श्वासात शोधण्याआधी हा हिशेब बघायला हवा.

नळीचा मधला भाग चांगला होता, मेणाचा करडा थर सारखा पसरलेला. तो तसाच राहिलेला बरा.

मझलकडच्या शेवटच्या काही सेंटीमीटरमध्ये शिशाच्या बारीक रेघा होत्या. आणि सगळ्यात वाईट जागा ब्लूप ट्यूबच्या आत होती. फोरसाईटचा झिरो, म्हणजे जुळवलेला नेम, हलेल या भीतीनं ट्यूब कित्येक महिने काढलेली नव्हती. आत मेण आणि काजळीचा ओला लगदा साचला होता, आणि क्राऊनवर, म्हणजे गोळी नळी सोडते त्या कडेवर, तांबूस गंजाचे ठिपके. दोरी तिरकी ओढल्यानं कडेवर एका बाजूला घासल्याची खूणही दिसत होती. क्राऊन हा गोळीला स्पर्श करणारा शेवटचा भाग. तिथं एका बाजूनं वायू आधी निसटला की गोळी कलते. नळीत सर्वांत जास्त जपायची जागा हीच, आणि सर्वांत जास्त हाल तिचेच होतात.

साधनं

एकसंध रॉड हवा, प्लॅस्टिकचं आवरण असलेला स्टीलचा किंवा कार्बन फायबरचा. अ‍ॅक्शन धरून कामाची लांबी सुमारे ९० सेंमी लागते. तीन तुकड्यांचे अ‍ॅल्युमिनियमचे रॉड स्वस्त मिळतात, ते घेऊ नयेत: सांधे वाकतात, मऊ धातूत खडे रुतून बसतात आणि तोच रॉड रायफलिंगवर कानस बनतो. रॉडची मूठ बॉल-बेअरिंगची असावी म्हणजे पॅच रायफलिंगच्या पिळाबरोबर फिरतो. या नळीत पीळ १६ इंचांना, म्हणजे ४०६ मिमीला एक फेरा असा असतो.

बोल्टच्या जागी बसणारा रॉड-गाईड ही चैन नाही. तो नसेल तर रॉड चेंबरच्या तोंडाला घासतो आणि सॉल्व्हंट ट्रिगरमध्ये गळतं. बाकी २२ चे फेल्ट (दाबलेल्या लोकरीचे छोटे बोळे) आणि त्यांचा अ‍ॅडॉप्टर (किंवा पॅच धरणारं पितळी टोक, म्हणजे जॅग, आणि सुती पॅच), एक नायलॉन ब्रश, एक फॉस्फर-ब्राँझ ब्रश, काजळी आणि शिशासाठीचं सॉल्व्हंट, गंजरोधक बंदूक-तेल, नायट्राईल हातमोजे. स्टीलचा ब्रश घरातही आणू नये. एअर रायफलमधून उडवून नळी पुसायचे फेल्ट मिळतात, ते इथं उडवायचे नाहीत.

सॉल्व्हंट घेताना दुकानदार बहुधा तांबं काढणारं, अमोनियाच्या वासाचं देतो. पॉइंट टू-टूच्या साध्या शिशाच्या गोळीत तांबं नाही, तेव्हा त्याचा इथं उपयोगही नाही. रॉकेल मेण विरघळवतं पण मागे संरक्षण ठेवत नाही. खोबरेल तेल थंडीत गोठतं आणि कालांतरानं चिकट होतं, ते नळीत नको. शिलाई मशीनचं तेल बोल्टच्या फिरत्या भागांना तात्पुरतं चालेल, पावसाळ्यातल्या साठवणुकीला मात्र गंजरोधक असलेलं तेलच हवं.

पहिला टप्पा: हलकी सफाई

रायफल रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी आणि करंगळीनं, बोल्ट बाहेर, काडतुसं दुसऱ्या खोलीत. साफसफाईच्या टेबलावर काडतूस असता कामा नये. सॉल्व्हंट ज्वालाग्राही असतं, तेव्हा खिडकी उघडी आणि उदबत्तीसुद्धा नाही.

ट्यूबची जागा पेन्सिलीनं खूण करून ती काढली. रायफल स्टँडवर, मझल थोडी खाली, म्हणजे द्रव ट्रिगरकडे येत नाही. रॉड-गाईड बसवला. फेल्टवर सॉल्व्हंटचे तीन थेंब (ठिबकेल इतकं नाही), चेंबरकडून एका संथ दमात मझलपार. मझलबाहेर फेल्ट काढून घ्यायचा आणि मगच रॉड मागे. घाण झालेला फेल्ट परत ओढला तर तीच काजळी क्राऊनवर आणि चेंबरमध्ये येते. ओला फेल्ट दोनदा, पाच मिनिटं थांबून तीन कोरडे. चेंबर वेगळा पुसला, बोल्टचा चेहरा आणि रिकामी केस बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची नखं दातांच्या जुन्या ब्रशनं साफ केली.

दुसरा डबा: २७, २९, २६, २८. व्यवहारात काही बदल नाही. बहुतेक क्लब इथं थांबतात आणि ‘साफ करून पाहिलं, काही फरक नाही’ असं म्हणून रायफल दुरुस्तीला पाठवतात.

दुसरा टप्पा: कडं

कड्यापर्यंत ब्रश गेला की कळावं म्हणून रॉडवर चिकटपट्टीची खूण केली. नायलॉन ब्रशभोवती पॅच गुंडाळून, तो काजळीच्या सॉल्व्हंटनं नीट भिजवून, खुणेपर्यंत नेला आणि १५ मिनिटं तिथंच ठेवला. वेळ हेच इथलं औषध आहे, जोर लावून उपयोग नाही. मग ब्रश जागच्या जागी फिरवायचा, वीसेक फेरे. बॉल-बेअरिंगच्या मुठीनं हे जमत नाही, कारण मूठ फिरते आणि ब्रश स्तब्ध राहतो. त्यासाठी घट्ट मुठीचा आखूड रॉड वेगळा ठेवावा. त्यानंतर दोन कोरडे पॅच आणि बोअरस्कोप.

पहिल्या फेरीत वरची बाजू मोकळी झाली, खालची तशीच राहिली. तिसऱ्या फेरीनंतर उंचवट्यांच्या कडा स्पष्ट दिसल्या. तीन फेऱ्यांत न निघालेलं कडं दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजवावं. घासणारी पेस्ट लावून एका बैठकीत काम उरकायचा मोह इथं होतो. पेस्ट काजळी आणि पोलाद यांत भेद करत नाही, आणि उंचवट्यांची सुरुवात गोल झाली तर ती परत मिळत नाही. फायर करून झिजण्यापेक्षा चुकीच्या सफाईनं बिघडणाऱ्या नळ्या जास्त असतात. हजारो गोळ्या खाऊन व्यवस्थित चालणाऱ्या नळीचा जीव अशा एका उत्साही दुपारी जातो.

मझलजवळच्या शिशासाठी ब्राँझ ब्रश: सॉल्व्हंटमध्ये भिजवून, चेंबरकडून, पूर्ण मझलबाहेर, तिथं ब्रश सोडवून रॉड मागे. असे सहा फेरे पुरले. नळीच्या आत ब्रशची दिशा उलटी करायची नाही, त्याचे तंतू वाकून अडकतात. क्राऊनवरचा गंज तेल लावलेल्या सुती फडक्यानं, बोटाच्या टोकानं पुसला. ठिपके गेले, त्यांच्याखालचे दोन बारीक खड्डे उरले. ट्यूबच्या आतला लगदा काढून ती कोरडी केली आणि खुणेवर परत बसवली.

तिसरा डबा. पहिल्या दहा गोळ्या कोरड्या, उघड्या नळीत इकडेतिकडे गेल्या, विशेषतः पहिल्या चार. नंतर ग्रुप २२, २०, १९, १९. उभटपणा गेला, बोल्टही हलका बंद होऊ लागला. चौथा डबा मुद्दाम दुसऱ्या कंपनीचा घेतला: त्याच्या पहिल्या वीस गोळ्या पसरल्या, पुढच्या तीस सुधारल्या. मिसळलेल्या काडतुसांचा वाटा किती होता ते यावरून दिसलं. कड्याचा मोठा, वंगणाचा छोटा, पण स्पर्धेत दिसण्याइतका.

मग किती वेळा?

या रायफलसाठी ठरवलेली पद्धत अशी. रोजच्या सरावानंतर चेंबरकडून तीन कोरडे फेल्ट आणि चेंबर पुसणं, सॉल्व्हंट नाही, काम दोन मिनिटांचं. सैल गाळ तळाशी थंड होऊन कडक होण्याआधी निघून जातो, आणि मेणाचा थर राहतो. दर २०० ते २५० गोळ्यांना पहिल्या टप्प्यातली हलकी सफाई, त्या वेळी ट्यूब काढायचीच. दर ५०० गोळ्यांना नायलॉन ब्रशनं कड्याच्या जागेची भिजवणी, वरून दिसो वा न दिसो. दर १,००० ला बोअरस्कोपचे फोटो. ब्राँझ ब्रशला वेळापत्रक नाही: शिसं डोळ्यांना दिसलं तरच.

नेमबाजांमध्ये यावर टोकाची मतं आहेत. बेंचरेस्टवाले (रायफल टेबलावर टेकवून मारणारे) एकेका टार्गेट-कार्डानंतर साफ करतात, आणि कित्येक चांगले प्रोन (आडवं पडून मारणारे) नेमबाज महिनोन्‌महिने नळीला हात लावत नाहीत. दोघांचंही चालतं कारण दोघांनी आपापली नळी वहीत नोंदवून ओळखलेली असते. बेंचरेस्टवाल्याला हळुवार हात आणि भरपूर काडतुसं असतात. दुसऱ्याची रायफल एकाच माणसाच्या हाती, एकाच लॉटवर चालते. क्लब-रायफलला यांतलं काहीच लाभत नाही, म्हणून तिला मधला आणि गोळ्यांच्या मोजणीवर चालणारा नियम हवा. ‘दर रविवारी’ हा नियम कामाचा नाही. एखाद्या रविवारपर्यंत ४० गोळ्या गेलेल्या असतात, एखाद्या शिबिरात ६००.

मोजणीसाठी पेटीत एक वही: तारीख, किती गोळ्या, कोणता लॉट, काय साफ केलं, बोल्ट कसा वाटला. शेवटचा रकाना बिनमहत्त्वाचा वाटतो, पण कडं वाढू लागल्याची पहिली खबर टार्गेटच्या आधी तळहातालाच मिळते.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी खोल सफाई करू नये. करावीच लागली तर त्यानंतर त्याच लॉटच्या २० ते ३० गोळ्या मारून नळी बसवूनच रेंजवर जावं. थ्री पोझिशनमध्ये तयारी आणि सायटरला (गुण न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या गोळ्यांना) १५ मिनिटं मिळतात, सायटर कितीही मारता येतात, पण ती वेळ वारा वाचण्यासाठी आणि शरीर लावण्यासाठी आहे. नळी मेणानं भरण्यात ती घालवली तर पहिल्या मालिकेत वाऱ्याचा अंदाजच नसतो. मॅचमध्ये सायटर धरून ८०-९० गोळ्या जातात. नियमित निगा असलेल्या नळीला मध्ये काही लागत नाही.

पावसाळा

वरचं सगळं फाउलिंगचं, म्हणजे नळीत साचणाऱ्या घाणीचं, वेळापत्रक झालं, गंजाचं वेगळं. मुंबई-कोकणात आणि कोल्हापूरकडे जुलैत हवा दिवसेंदिवस ओलीच असते, आणि रायफल एसी खोलीतून रेंजवर काढली की थंड पोलादावर दव धरतं, आतही आणि बाहेरही. पेटी उघडून अर्धा तास रायफल हवेच्या तापमानाला येऊ द्यावी. परत आल्यावर फोमच्या पेटीत कोंडू नये, फोम पाणी धरून ठेवतो. पेटी प्रवासापुरती, घरी कपाटात, सोबत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोनेक तास कोरडे करून पुन्हा वापरता येतात. तो ओव्हन अर्थातच स्वयंपाकाचा नसावा.

जून ते ऑक्टोबर या काळात रोजच्या कोरड्या फेल्टनंतर तेलाचा एक थेंब लावलेला फेल्ट, आणि त्यामागून लगेच एक कोरडा, इतकाच थर. नळी तेलानं माखून ठेवली तर तेल मागे झिरपतं, ट्रिगरमध्ये जातं, लाकडी स्टॉक असेल तर बेडिंग (अ‍ॅक्शन बसते ती स्टॉकमधली जागा) मऊ करतं. म्हणून साठवताना मझल किंचित खाली. आणि पुढच्या वेळी पहिली गोळी घालण्याआधी दोन कोरडे फेल्ट हवेतच. तेलाच्या नळीतून गेलेल्या पहिल्या गोळ्या हमखास बाहेर जातात, आणि मुलं त्यावर साईट फिरवून बसतात. मग तेल संपतं आणि झिरो पुन्हा हलतो. स्टेनलेस बॅरलला हे सगळं कमी लागू होतं, पण लागू होतंच.

काडतुसांबद्दल एक. मेणकट गोळीला धूळ चिकटते. मॅटवर किंवा खिशात सुटी पडलेली काडतुसं नळीत वाळू घेऊन जातात आणि मऊ शिशात रुतलेला खडा प्रत्येक गोळीसरशी रायफलिंग घासतो. डबा किंवा लाकडी ब्लॉक, एवढंच पुरे.

फेल्ट, पॅच आणि पुसायचं फडकं यांत शिसं असतं. ते झाकणाच्या डब्यात साठवावं, जाळू नये, आवारातल्या कचऱ्यात टाकू नये. हातमोजे उतरवल्यावरही साबण आणि थंड पाण्यानं हात धुवावेत, त्याआधी जेवणाच्या डब्याला किंवा चहाच्या कपाला हात नाही. क्लबमध्ये सफाई बहुतेक वेळा सर्वांत लहान मुलांवर सोपवली जाते. त्यांना ती शिकवावी जरूर, पण मोठ्यांच्या देखरेखीत आणि हातमोज्यांसह, कारण शिशाचा त्रास मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर होतो.

उरलेला प्रश्न

क्राऊनवरचे दोन खड्डे अजून आहेत. ग्रुप २० मिमीच्या आसपास असेपर्यंत त्यांना हात लावायचं कारण नाही. प्रत्येक १,००० गोळ्यांच्या फोटोत मझलचा एक फोटो त्याच कोनातून घ्यायचा. शिशाच्या रेघा पुन्हा लवकर दिसू लागल्या, किंवा ग्रुप आडवा एका बाजूला ओढला जाऊ लागला, तर मझल थोडी कापून नवा क्राऊन करून घ्यावा. पॉइंट टू-टूची बारुद नळीच्या सुरुवातीच्या भागातच जळून संपते, त्यामुळे ६९ सेंमीतला एखादा सेंटीमीटर गेला तर नुकसान नगण्य. हे काम लेथवरच, आणि शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच व्हावं. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये रायफल ठेवून येणं शस्त्र कायद्यात बसत नाही, कितीही चांगला टर्नर असला तरी. नव्या क्राऊननंतर ट्यूबची खूण आणि झिरो दोन्ही नव्यानं घ्यावे लागतील, तेव्हा ते काम स्पर्धांचा हंगाम संपल्यावर काढावं.